मधल्या शिक्क्याचं पान

आधीच सांगते, यात कोणाचंच नाव येणार नाही. एकदा नाव टाकून मी जे काय करून ठेवलंय ना, त्याचीच ही गोष्ट आहे.

मला वाचनालयाची जुनी कार्डं जमवायचा नाद आहे. पुस्तकं नाही, कार्डं. ती पिवळी पडलेली, कोपरे झिजलेली, वर सभासदाचं नाव आणि नंबर, खाली चार रकाने: तारीख, पुस्तकाचा दाखल क्रमांक, नेल्याची सही, परत केल्याची सही. पहिलं मला देवपुरात आमच्या घराजवळच्या अभ्यासिकेत मिळालं. बँकेच्या परीक्षांचा अभ्यास करायला जायचे मी तिथे. एका फाटक्या गाइडमध्ये कोणीतरी खूण म्हणून ठेवलेलं. मी ते हातात घेतलं आणि खरं सांगते, त्या दिवशी टक्केवारीची गणितं झालीच नाहीत. कोणीतरी माणूस दर आठवड्याला चालत आला, पुस्तक घेतलं, सही केली, गेला. आणि त्याचा एवढाच पुरावा, माझ्या हातात! मला रडूच आलं. मला पटकन येतं.

बाकी कोणाला येत नाही. पप्पा म्हणतात, "लोकांच्या पोरी बँकेत लागल्या, आमची रद्दी गोळा करतेय." मम्मी म्हणते त्या खोक्यांमुळे कपाटातल्या साड्यांना कसर लागणार. आणि ग्रंथपाल! त्यांच्याकडे जाऊन 'जुनी कार्डं आहेत का' विचारलं की ते असे बघतात जशी काही मी किडनी मागितली. "कशाला पाहिजे? कोणी पाठवलं? पत्र आणा." कोणाचं पत्र आणू? मला कोणीच पाठवलेलं नाही, मीच आलेय.

तर माझी मावशी पारोळ्याकडच्या एका गावात राहते. तिथल्या वाचनालयात कॉम्प्युटर आला आणि जुनी कार्डं बाद झाली. मी रविवारची एसटी पकडून गेले. तिथले ग्रंथपाल सर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "कोपऱ्यात गोणी आहे. उचल. नाहीतर उद्या बंबात जाणार." म्हणजे आंघोळीचं पाणी तापवायला! लोकांचं अख्खं वाचन जाळून हे आंघोळ करणार होते. मी भांडले. ते म्हणाले, "फुकट नेतेय आणि वर भांडतेय." मी गोणी मावशीच्या घरापर्यंत ओढत नेली.

त्या गोणीत ते कार्ड होतं. एक नाही, एकावर एक पिना मारून जोडलेली सात कार्डं, सगळी एकाच नावावर. जवळच्याच एका खेड्यातले एक आबा. मी तारखा मोबाइलच्या कॅलेंडरवर लावून पाहिल्या. प्रत्येक तारीख आठवडेबाजाराच्या दिवसाची! म्हणजे हा माणूस बाजाराला यायचा आणि पुस्तक घेऊन जायचा. वर्षानुवर्षं. सही अशी वेडीवाकडी, लांब शेपटाची, मला तर ती कलाकाराची सही वाटली. आणि शेवटच्या ओळीत पुस्तक नेल्याची सही होती, परत केल्याची नव्हती.

मी लगेच मावशीला विचारलं, मावशीने शेजारी विचारलं. आबा मागच्या वर्षी वारले.

मग मी तीन रविवार त्या वाचनालयात बसून दाखल रजिस्टर चाळलं. कार्डावर नुसते नंबर असतात ना, कोणत्या नंबरचं पुस्तक कोणतं ते रजिस्टरमध्ये असतं. सर डोक्यावर उभे. "पान फाटलं तर भरून देशील का?" "नाही फाटणार सर." "बोटाला थुंकी लावू नको." "नाही लावत सर." अख्खी यादी मोबाइलमध्ये उतरवली. रहस्यकथा, भुताच्या गोष्टी, हिमालयातले प्रवास, चरित्रं, आणि मधेच एक विणकामाचं पुस्तक.

मग मी रील केली. आबांचं नाव, गाव, कार्डाचा फोटो, मागे सनई. आणि मी म्हणाले, बघा, कापूस पिकवणारा आपला खान्देशी माणूस कसा वाचायचा! विणकामसुद्धा शिकत होते आबा, किती गोड! आणि शेवटी हळू आवाजात: "शेवटचं पुस्तक आबांनी परत केलंच नाही. ते अजूनही कुठेतरी वाचत बसलेत."

रील अशी पळाली की काय सांगू. मी दर दोन मिनिटांनी बघत होते. चौथ्या दिवशी आबांच्या मुलाचा फोन आला. ते नाशिकला नोकरी करतात. फोनवर रडलेच. म्हणाले, "ताई, आमच्या आबांना तुम्ही जिवंत केलं." वर्षश्राद्धाला गावात घराच्या अंगणात वाचनकट्टा सुरू करणार, 'वाचनप्रेमी आबा' अशी पाटी लावणार, वाचनालयाने बाद केलेली पुस्तकं मागून आणलीत, आणि ते कार्ड फ्रेम करून मी स्टेजवरून द्यायचं. मी! प्रमुख पाहुणी! मी मम्मीची पैठणी नेसून गेले. पप्पा म्हणाले, "बघ, रद्दीला पण दिवस येतात."

अंगणात मांडव, खुर्च्या, माइकवाला 'हॅलो हॅलो' करतोय. भाऊ, म्हणजे आबांचा मुलगा, हात जोडून आले. म्हणाले, "आधी आत जा, अक्कांना भेटा." अक्का म्हणजे त्यांची आई, आबांची बायको. अख्खं गाव त्यांना अक्काच म्हणतं.

मागच्या खोलीत अक्का कापसाच्या ढिगाजवळ पाटावर बसल्या होत्या. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी पाय मागे घेतले.

"तूच का ती मोबाइलवाली?"

मी हसून म्हणाले, "हो अक्का!"

"कार्ड आनं का?" त्या अहिराणीत बोलत होत्या, आणलंस का असं.

मी उत्साहात फ्रेम काढून दाखवली. सोनेरी काठाची, आत सातही कार्डं पंख्यासारखी पसरलेली. मला वाटलं आता डोळे पुसतील. त्यांनी फ्रेम बघितली, मग मला बघितलं.

"कोनं शे हाई कार्ड?"

"आबांचं."

"नाव त्यासनं शे," अक्का म्हणाल्या. "वाचनारी मी शे."

मला कळेचना. मी म्हणाले, तुम्हीपण वाचायच्या का, वा, दोघं मिळून! अक्का म्हणाल्या, "दोन्ही नई. मी. त्यासनी जनमभर एक पान वाचं नई. सही करता ये त्यासले, बस."

मला ऐकू येत होतं पण आत जात नव्हतं. ती कलाकाराची सही! वाचनालयात एका घराचं एकच कार्ड, आणि ते घरच्या मोठ्या माणसाच्या नावावर. अक्का गावाबाहेर पुस्तक आणायला कशा जाणार, आबाच बाजाराला जायचे, तेच आणायचे. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, आणि मी पण कुठे कोणाला विचारलं होतं.

मी म्हणाले, "पण त्यांना वाचता येत नव्हतं, तर कोणतं आणायचं ते कसं कळायचं? यादीत एक पुस्तक दोनदा नाहीये."

अक्कांनी मांडीवरच्या गोधडीतून सुई उपसली आणि माझ्या नाकासमोर धरली. खरंच सांगते, मला वाटलं टोचतात.

त्यांचं म्हणणं मी माझ्या भाषेत सांगते. वाचनालय प्रत्येक पुस्तकात आपला गोल शिक्का मारतं. एक पहिल्या पानावर आणि एक चोरून मधल्या पानावर, म्हणजे कोणी पहिलं पान फाडून पुस्तक ढापलं तरी ओळखू यावं. अक्का पुस्तक वाचून झालं की त्या मधल्या शिक्क्याच्या गोलात सुईने तीन भोकं पाडायच्या. आबा वाचनालयात गेले की कपाटातलं एक पुस्तक काढायचे, पानं उलटत उलटत मधल्या शिक्क्यापर्यंत यायचे आणि ते पान खिडकीकडे धरायचे. उजेडाचे तीन ठिपके दिसले की पुस्तक परत कपाटात. नाही दिसले की पिशवीत.

"जसा काही मिरचीना वाण देखेत," अक्का म्हणाल्या. "कधी घाईमा नई देखं तर मी दुसरा बाजारले परत धाडू त्यासले."

मी म्हणाले, "अक्का, हे तर भारी आहे!"

"भारी नई शे. माले कार्ड दे."

"देते ना, कार्यक्रम झाला की लगेच..."

"तू आखो काय बोलनी मोबाइलमा? पुस्तक परत करं नई म्हने. आबा वाचत बठना शेतस म्हने." त्यांनी पाटाखालून एक पुस्तक काढून माझ्या पुढ्यात आपटलं. एक प्रवासवर्णन, कव्हरला वर्तमानपत्र घातलेलं. "हाई शे ते. आठे. वरीसभर मी एकच वाची राहिनू, कार्ड नई म्हनीन. ते तू ली गई."

तेव्हा उलगडलं. पुस्तक बाहेर असलं की कार्ड वाचनालयाच्या ट्रेमध्ये राहतं, पुस्तक दिलं की कार्ड परत, ही जुनी पद्धत. आबा गेले तेव्हा पुस्तक अक्कांकडे आणि कार्ड वाचनालयात. त्यांनी पुतण्याला पाठवलं होतं, तर सर म्हणाले कार्डं रद्दीत गेली, आणि सभासद वारले तर नवीन पुस्तक कोणाच्या नावावर देऊ. आणि ती रद्दी कपाटात साड्यांखाली घालून मी सनई वाजवत होते.

तेवढ्यात भाऊ आले. "चला ताई, लोक बसलेत." मी म्हणाले, "भाऊ, अक्का म्हणतायत सगळं त्यांनीच वाचलंय." भाऊंचं तोंड एवढंसं झालं, पण आवाज गोड. "हो, आई पण वाचायची ना फावल्या वेळात. पण आबांना ओट्यावर पुस्तक घेऊन बसलेलं मी स्वतः पाहिलंय." अक्का म्हणाल्या, "चित्रे देखेत ते." भाऊ म्हणाले, "आई, आज नको." आणि मला दंडाला धरून बाहेर.

आता इथे मी गप्प बसायचं होतं. कार्ड द्यायचं, दोन शब्द बोलायचे, खाली उतरायचं. पण माझ्या डोळ्यांसमोर ते तीन ठिपके नाचत होते. मला वाटलं केवढा अन्याय, आणि मला वाटलं, खोटं कशाला बोलू, की हे सगळ्यांना सांगायला काय मजा येईल. दोन्ही एकदमच वाटलं.

मी माइक घेतला. कट्ट्यावरच्या बाद पुस्तकांतलं एक उचललं, मधला शिक्का शोधला आणि पान उन्हाकडे धरलं. तीन भोकं! अगदी स्वच्छ! मी ओरडलेच, "बघा! हे अक्कांनी वाचलंय! कार्डावर नाव आबांचं, पण आबांना वाचताच येत नव्हतं! पाटीवर नाव अक्कांचं पाहिजे!"

मला वाटलं टाळ्या.

मग पहिल्या रांगेतले एक म्हातारे नाना आरामात म्हणाले, "मंग आमना बठ्ठा कागद कोन वाचे?" म्हणजे आमचे सगळे कागद मग कोण वाचायचं?

मागून कोणीतरी म्हणालं, "काय नाना?"

"अरे आपण सातबारा, नोटिसा, पोरंसना कागद बठ्ठा आबाकडे ली जाऊत ना. आबा म्हने, चष्मा आत शे, लाई येस. कागद ली आत जाय. मंग बाहेर ई सांगे काय लिखेल शे ते." नाना मांडवाकडे वळले. "चष्मा काय, अक्काच व्हती आत."

आणि अख्खा मांडव हसला. आधी एक जण, मग सगळे. "चष्मा आत शे!" म्हणून पोरं एकमेकांना ढकलायला लागली. वर्षश्राद्ध होतं हो त्या माणसाचं. फोटोला हार घातलेला. भाऊंनी माझ्या हातातून माइक ओढला, तो किंचाळला, आणि दाराकडे बघितलं तर अक्का उंबऱ्यात उभ्या.

मी खाली उतरले. जेवणाच्या पंगतीत मला कोणी बस म्हणालं नाही. भाऊ शेजारून जाताना हळूच म्हणाले, "आमच्या बापाला अडाणी ठरवायला एवढी नटून आलीस?" 'ताई' नाही, 'तुम्ही' नाही. मी म्हणाले मी खरंच बोलले. ते म्हणाले, "तुला खरं कोणी विचारलं होतं?"

मी मागच्या खोलीत गेले. पैठणीवर कोणाच्या तरी मठ्ठ्याचे डाग. अक्का पुन्हा पाटावर.

"मी तुले कार्ड मांगं व्हतं," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. "भाषन मांगं व्हतं का?"

"मला वाटलं तुमचं नाव..."

"मनं नाव माले माहीत शे. चाळीस वरीस ते चष्मा लेवाले आत ये, मी वाची दाखाडू, ते बाहेर जाय. कोनलेच समजनं नई. आज बठ्ठा गावमा त्यासनं हसू करी टाकं."

मी रडायला लागले. त्या म्हणाल्या, "रडू नको. कार्ड दे."

मी फ्रेमची मागची पट्टी उचकटली, नख तुटलं. सातही कार्डं काढून त्यांना दिली. त्यांनी एकदाही न बघता ती कमरेच्या पिशवीत घातली आणि प्रवासवर्णन माझ्याकडे सरकवलं. "घे. जमा करी दे." पुस्तक दिलं, कार्ड घेतलं. हिशोब बरोबर, पद्धत पाळली.

मी मधला शिक्का शोधला, खिडकीकडे धरला. पान कोरं. एकही भोक नाही.

"हे वाचलंच नाही का तुम्ही?"

"अकरा येळ वाचं."

"मग भोकं?"

"कोनासाठे टोचू?" अक्का म्हणाल्या. "देखनारा गयात."

मी म्हणाले, मी आणते ना पुस्तकं, मी रविवारी मावशीकडे येतेच. त्यांनी विचारलं, मी काय काय वाचलंय ते तुला काय माहीत. मी मोबाइल काढला. माझ्याकडे यादी होती ना! तीन रविवार थुंकी न लावता उतरवलेली, सात कार्डांची. अक्कांनी चष्मा लावून (चष्मा खरंच आत होता, त्यांचा) ती सगळी खालपर्यंत वाचली. कुठे थांबल्या, कुठे नाक मुरडलं.

"आन मंग," शेवटी म्हणाल्या. "पन फोटो काढाना नई. आन् ते मोबाइलमातलं काढी टाक."

मी तिथेच रील डिलीट केली. माझ्या आयुष्यात तेवढं कशालाच कोणी बघितलं नव्हतं.

वाचनालयात सर म्हणाले सभासदाचा फॉर्म पाहिजे, आधारकार्ड पाहिजे, मी म्हणाले आणते. फॉर्मवर कुटुंबप्रमुखाचं नाव असा रकाना होता. अक्कांनी घरून भरून पाठवला. तिथे त्यांनी आबांचंच नाव लिहिलं होतं, कै. लावून. सरांनी कपाळाला हात लावला आणि प्लास्टिकचं कार्ड दिलं.

पहिलं पुस्तक मी खूप विचार करून घेतलं. भुताच्या गोष्टी, जाड, यादीत नंबर नाही म्हणजे नाहीच, नाव कशाला बघू. दोनदा तपासला. अक्कांनी पुस्तक हातात घेतलं, पानं उलटली, दाराच्या उजेडात धरलं आणि माझ्या अंगावर फेकलं. तीन भोकं. त्याच पुस्तकाची दुसरी प्रत होती ती. वाचनालयाने दोन घेतलेल्या, नंबर वेगवेगळे. अक्कांनी वाचलं तेव्हा दोन्ही घरात होत्या, एक त्यांच्या कार्डावर आणि दुसरी आबांनी शेजारणीसाठी तिच्या कार्डावर आणलेली. बाजाराच्या पिशवीत अदलाबदल झाली आणि भोकं शेजारणीच्या प्रतीत पडली म्हणे. नुसत्या नंबरांवरून हे कसं कळणार?

मी यादीचं समजावायला लागले. अक्कांनी ऐकूनच घेतलं नाही.

"शिकेल शे ना तू? मधलं पान उजेडमा धराले काय व्हतं?" आणि मग आत जाता जाता, पाठ करून, "त्यासले वाचता नई ये, तरी इतलं समजे."

मागच्या रविवारी मी वाचनालयात खिडकीशी उभी होते. एक पुस्तक काढलं, पान धरलं, ठेवलं. दुसरं काढलं. सर टेबलावरून ओरडले, "ओ बाई, पुस्तक आहे ते, एक्स-रे नाही!" सगळं वाचनालय हसलं. मी मागे वळले नाही. तिसऱ्याच्या गोलातून उजेड आला नाही, ते पिशवीत टाकलं.